घरीच असतात

"ते घरीच असतात," असं माझी बायको बाहेरच्या खोलीत कुणाला तरी सांगत होती, तेव्हा माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटात अंगुस्तान होतं आणि मांडीवर कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीचा राखाडी पडदा होता. पडद्याच्या वरच्या काठाला चोवीस कड्या लावायच्या होत्या, त्यांतल्या नऊ लावून झाल्या होत्या. दहाव्या कडीला टाका घालायला सुई कापडात शिरली होती आणि ती तिथेच राहिली. वाक्य काही वाईट नव्हतं. खरंच होतं. मी घरीच असतो. पण ते ज्याला सांगितलं जात होतं त्या बाजूनं लगेच बोटाचा हलका टकटक आवाज आला, काचेवर नख वाजतं तसा, आणि तो आवाज मी ओळखला. टॅबवर कोड टाकल्याचा आवाज. मी नोकरीला होतो त्या पाहणी खात्यात टॅब आले त्या वर्षी आम्हा सगळ्यांना एका हॉलमध्ये बसवून तो आवाज दिवसभर ऐकवला होता. बाहेर रोजगाराच्या पाहणीवाली बाई आली होती. हजारो घरांतून चिठ्ठी काढावी तसं आमचं घर निघालं होतं, आणि माझ्या बायकोनं मला नुकतंच एका रकान्यात बसवलं होतं.

"म्हणजे काम काही नाही," बाई म्हणाली. आवाजावरून चाळिशीची वाटली, जिने चढून थोडी दमलेली. "नाही," बायको म्हणाली. "शोधतायत?" "नाही." "मिळालं तर करतील?" इथे बायको थांबली. तिचं शिलाईचं मशीनही थांबलेलंच होतं. रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचं ते पीप पीप तेवढं ऐकू येत होतं. "ते त्यांना विचारावं लागेल," बायको म्हणाली. "आहेत का साहेब?" "आत आहेत." "राहू दे मग, कशाला उठवता. 'नाही' टाकते." टकटक. माणूस घरात असेल तर त्याचं उत्तर त्यालाच विचारायचं, दुसऱ्याकडून घ्यायचं नाही, हा नियम मी बावीस वर्षं शिकवला होता. मी उठून दाराशी जायला हवं होतं. पण पडद्याला टाचण्या लावलेल्या होत्या, उठलो असतो तर सगळ्या घड्या सुटल्या असत्या. असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे टाचण्यांचा काही संबंध नव्हता. मला नुसतं ऐकायचं होतं. इतक्या वर्षांत मी दुसऱ्यांची हजारो उत्तरं तपासली, आपलं उत्तर भिंतीपलीकडून कसं ऐकू येतं ते कधी ऐकलं नव्हतं. मग बाईनं विचारलं, "आणि तुम्ही?" बायको म्हणाली, "मी पडदे शिवते. रोज आठ-नऊ तास. रविवार सोडून." हे तिनं इतक्या सपाट आवाजात सांगितलं की मला आधी वाटलं ती तिसऱ्याच कुणाबद्दल बोलतेय.

माझं काम छाननीचं होतं. गावोगावचे भरलेले तक्ते आमच्या टेबलावर यायचे आणि आम्ही पाच जण त्यांतल्या विसंगती शोधायचो. वय सहा आणि धंदा सुतार. आठवड्याचे तास दोनशे. हे तास आठवड्यात मावतच नाहीत, असं लाल पेन्सिलीनं लिहून तक्ता परत. माझ्या शेजारी एक जण बसायचा, त्याला आम्ही शंकासुर म्हणायचो, कारण तो सुतार खरोखर सुतार आहे का इथपासून सुरुवात करायचा. आणि नवे प्रगणक आले की त्यांना बेकारीची व्याख्या समजावून सांगायचं काम माझ्याकडे असायचं. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. मी फळ्यावर तीन रेघा ओढायचो. बेकार कोण? ज्यानं गेल्या सात दिवसांत एक तासही काम केलेलं नाही. जो त्याच सात दिवसांत काम शोधतोय. आणि जो काम मिळालं तर लगेच करायला तयार आहे. तीनही पाहिजेत. एक निसटलं की माणूस बेकार नाही. एक तास कुणाच्या दुकानात बसला, तर कामावर. शोधायचं सोडलं, तर तो मोजणीच्या बाहेर, विद्यार्थी आणि म्हातारे असतात त्या रकान्यात. मग दर काढताना भागायचं कशानं? काम करणारे अधिक शोधणारे, एवढ्यांनीच. बाहेरचे वरही नाहीत आणि खालीही नाहीत. दर वर्षी कुणीतरी हात वर करून विचारायचं, की सर, शोधून शोधून थकला आणि घरी बसला, तो बेकार नाही? मी म्हणायचो, नाही. आणि आमच्या मोठ्या साहेबांचं वाक्य ऐकवायचो: आपण दुःख मोजत नाही, आठवडा मोजतो. मला ते वाक्य फार स्वच्छ वाटायचं. अजूनही वाटतं. दुःख मोजायला बसलो तर प्रत्येक जण आपलंच माप घेऊन येईल.

बाई गेली. दार लागलं. बायको आत आली, कपाटातून दोऱ्याचं रीळ घेतलं, माझ्या मांडीवरच्या पडद्याकडे एकदा बघितलं, कड्या सारख्या अंतरावर आहेत की नाहीत ते नजरेनंच मोजलं आणि गेली. कोण आलं होतं हे तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मी आपल्याला काय वाटतंय ते तपासून पाहिलं. दाताच्या डॉक्टरनं भूल दिल्यावर माणूस जिभेनं गाल चाचपतो, गाल आहे हे कळतं पण तो आपला वाटत नाही, तसं काहीसं. अपमान शोधला, सापडला नाही. राग शोधला, तोही नाही. मग मी नेहमीचं केलं, हिशेब केला. घरात दोन माणसं. ती कामावर. मी जर 'शोधतात' असतो, तर दोघांत एक बेकार, आमच्या घराची बेकारी पन्नास टक्के. मी 'घरीच' झालो, तर भागायला एकच माणूस आणि बेकार कुणीच नाही. शून्य टक्के. बायकोच्या एका 'नाही'नं या घरातली बेकारी पन्नासावरून शून्यावर आली होती, आणि आम्हा दोघांनाही काही जाणवलं नव्हतं. शिवाय निवडलेलं घर एकटं नसतं. ते आपल्यासारख्या दोनेक हजार घरांच्या वतीनं बोलतं, बेरीज करताना त्याचं उत्तर तितक्यांनी गुणतात. म्हणजे कुठेतरी दोन हजार आतल्या खोल्यांत दोन हजार पुरुष मांडीवर पडदे घेऊन बसले होते आणि सगळ्यांच्या सुया दहाव्या कडीपाशी थांबल्या होत्या. मी दहावी कडी पुरी केली.

शोधायचं मी कधी सोडलं? ठरवून सोडलं नाही. टॅब आले तेव्हा विसंगती जागच्या जागीच अडायला लागल्या. सहा वर्षांचा सुतार टाकला की टॅबच लाल होतो आणि पुढे जाऊ देत नाही. मग छाननीला पाच माणसं कशाला? आमचा करार दर वर्षी नवा व्हायचा, बावीस वेळा झाला, तेविसाव्या वेळी झाला नाही. भांडण नाही, निरोप समारंभ नाही. शंकासुराला फोनवरच्या फेरतपासणीला ठेवलं, कारण शंका टॅबला येत नाहीत. मी चोपन्न वर्षांचा होतो. पहिले सहा-सात महिने मी शोधलं. व्याख्येत बसेल असं शोधलं, म्हणजे नुसतं मनात नाही, तर अर्ज पाठवले, ओळखीच्यांना फोन केले, तीन ठिकाणी जाऊन खुर्चीत बसलो. एका ठिकाणी समोरच्यानं विचारलं, तुम्हाला नक्की काय येतं? मी म्हणालो, चुका सापडतात. तो हसला आणि म्हणाला, आमच्याकडे चुका होत नाहीत. त्यानंतर एका बुधवारी मी अर्ज लिहायला बसलो आणि पेनाचं टोपण काढून परत लावलं. गुरुवारीही तेच. पुढच्या बुधवारी सकाळी दाढी करताना माझ्या लक्षात आलं की सात दिवस पुरे झाले. आज बेल वाजली तर मी बेकार नाही. साबण लावलेल्या गालानं मी आरशात बघितलं, काही बदल दिसला नाही. दोन महिन्यांनी वर्तमानपत्रात आलं, बेकारी किंचित घटली. मी बायकोला म्हणालो, त्यात आपलाही हातभार आहे. तिला विनोद कळला नाही, किंवा कळला आणि आवडला नाही.

मुलगी फोनवर विचारायची, बाबा, दिवसभर काय करता? मी म्हणायचो, काम नाही कवडीचं आणि फुरसत नाही घडीची. ती हसायची आणि मग आईला फोन द्या म्हणायची. पहिल्या काही आठवड्यांत मी घरातल्या वस्तूंना नीट लावत सुटलो. डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, वर्तमानपत्रं तारखेवार रचली, खिडक्यांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी, ही म्हण माझा बाप सुट्टीत आम्हाला ऐकवायचा, ती आता मीच स्वतःला मनातल्या मनात ऐकवायचो. मग एका दुपारी बायकोनं मशीनवरून न उठता माझ्याकडे एक पडदा टाकला आणि म्हणाली, "ही शिवण तेवढी उसवा जरा, वाकडी गेलीय." मी उसवली. चुका शोधायच्या कामाइतकंच ते सोपं होतं, चूक समोर दिसतच होती. दुसऱ्या दिवशी तिनं दुसरा टाकला. मग हळूहळू उसवण्यावरून दुमडीवर आणि दुमडीवरून कड्यांवर बढती झाली. तिनं तिचं जुनं अंगुस्तान मला दिलं आणि स्वतःला नवं आणलं. याला आम्ही कधी काम म्हटलं नाही. ती म्हणायची, "जरा हात लावा." मी हात लावायचो. त्या अकरा महिन्यांत मला हे एकदाही सुचलं नाही की घरच्या धंद्यात बिनपगारी हात लावणारा माणूस आमच्या व्याख्येप्रमाणे बेकारही नाही आणि मोजणीबाहेरचाही नाही. तो कामावर आहे. आठवड्याला एक तास पुरतो, मी तर रोज बसत होतो. हे मला बाई गेल्यानंतर अकराव्या कडीला सुचलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

म्हणजे बायकोनं चुकीचं सांगितलं होतं. आणि तिला ते चुकीचं आहे हे दिसत होतं, कारण चूक आतल्या खोलीत तिचंच कापड मांडीवर घेऊन बसलेली होती. दोन दिवस मी याचाच विचार केला, म्हणजे विचार असा नाही, ते माझ्याबरोबर खोल्यांतून हिंडत राहिलं. नळ सुरू केला की ते असायचं, चपला घालताना असायचं. तिला लाज वाटली असेल का, नवरा हाताखाली कड्या लावतो हे परक्या बाईला सांगायची? की मला कमीपणा वाटेल म्हणून तिनं झाकलं? की तिच्या दृष्टीनं मी काही करतच नाही, हात लावतो म्हणजे मूल आईच्या पिठाच्या गोळ्याला हात लावतं तसं? हे तिसरं खरं असेल, तर मग या घरात मी काय आहे, एवढं मला जाणून घ्यायचं होतं. पगार नको, पद नको. नुसता एखादा कोड, दोन आकडी. विचारणं सोपं होतं. ती चार हातांवर बसलेली असायची. पण तोंड उघडायला गेलो की मला मशीनचा आवाज ऐकू यायचा, आताचा नाही, पंधरा वर्षांपूर्वीचा, आणि मी तोंड मिटायचो.

तेव्हा आम्ही दुसऱ्या घरात होतो, दोन खोल्यांच्या. रविवार होता. दारात एक बारीकसा माणूस कागदी वही घेऊन उभा राहिला, आमच्याच खात्याचा, मला न ओळखणारा. मला किती आनंद झाला होता! मी त्याला आत बसवलं, पाणी दिलं, मी कोण ते सांगितलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडताना मजेत बघितला. त्याच्या वहीतली उत्तरं मीच भरायला लागलो. माझा धंदा, माझा कोड, मला पाठ होता. त्याचा एक आकडा चुकला तो दुरुस्त केला. "मिसेस?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "ती घरीच असते." आणि तिचाही कोड सांगितला, पाठ होता तोही. आतल्या खोलीत मशीन चालू होतं. त्या माणसानं आवाजाच्या दिशेनं एकदा बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी वर्गात शिकवायचो, की बाई घरीच असते असं कुणी म्हणालं की तिथे थांबायचं नाही, दुसऱ्यांदा विचारायचं, शिवता का, दुकानात बसता का, कुणाची मुलं सांभाळता का. निम्म्या बायका अशाच हरवतात. त्यानंही ते कुणाकडून तरी शिकलेलं असणार. पण समोर मी होतो. त्यानं वही मिटली. तेव्हा मुलीचं वसतिगृह, तिची पुस्तकं, तिचे हिवाळ्याचे कपडे, हे सगळं त्या मशीनमधून येत होतं, आणि मी सोमवारी ऑफिसात जाऊन शंकासुराला सांगितलं, काल आमच्या घरी पाहणी झाली, एकही विसंगती नाही. शंकासुर म्हणाला, "शंका आहे." आम्ही दोघंही हसलो होतो.

शुक्रवारी सकाळी अकराला फोन वाजला. नंबराचे शेवटचे चार आकडे मी ओळखले, खात्याचे होते. "नमस्कार. बुधवारी आपल्याकडे पाहणी झाली, तिची फेरतपासणी करायची होती. दोन मिनिटं लागतील." शंकासुराचा आवाज. त्याच्यासमोर माझं नाव होतं, आणि पत्ताही, जिथे तो दोनदा जेवून गेला होता. पण तो 'आपण' म्हणाला म्हणून मीही 'आपण'वर राहिलो. दोन वर्षांत त्यानंही फोन केला नव्हता आणि मीही. "घरात माणसं किती?" "दोन." "आपल्या मिसेस काय करतात?" "पडदे शिवते," मी म्हणालो. "रोज आठ-नऊ तास. रविवार सोडून." वाक्य सबंधच्या सबंध तोंडातून बाहेर पडलं, जणू कुणीतरी ते तिथे ठेवून गेलं होतं. "बरोबर. आणि आपण? इथे लिहिलंय..." तो थांबला. कागद नसतानाही कागद चाळताना खाकरतात तसा खाकरला. "इथे लिहिलंय, घरीच."

उत्तर जुळलं नाही तर त्या टॅबवाल्या बाईच्या नावावर लाल खूण पडणार, हे मला माहीत होतं. अशा तीन खुणा झाल्या की तिचा करार जातो. 'हो, घरीच' म्हणून मोकळं होता आलं असतं, सगळं जुळलं असतं, शून्य टक्के. मी म्हणालो, "एक मिनिट थांबा," आणि फोनवर तळवा ठेवला.

बायको जमिनीवर बसून एक लांबलचक पडदा टाचत होती. तोंडात टाचण्या होत्या. "अगं," मी म्हणालो, "परवा त्या बाईंना तू मी घरीच असतो म्हणालीस."

तिनं टाचण्या एकेक करून काढल्या आणि उशीत खोचल्या. "हो."

"मी कड्या लावतो ना?"

"लावता की. मी कुठं नाही म्हणते?"

"मग सांगितलं का नाहीस?"

तिनं माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं, मी तोच शोधत होतो. "तुम्ही मागे माझ्याबद्दल सांगितलं होतंत ना," ती म्हणाली, "तो बारीकसा माणूस आला होता, रविवारी. ती घरीच असते म्हणून. मी मशीन थांबवून ऐकलं होतं. तुम्ही पडलात खात्यातले. मला वाटलं, तसंच सांगायचं असतं. घरातल्या घरात केलेलं त्यात धरत नसतील."

"पण तू तुझं तर सांगितलंस."

"मला त्या बाईंनी तोंडावर विचारलं," ती म्हणाली. "आधी कुणी विचारलंच नव्हतं." आणि ती पुन्हा टाचायला लागली.

म्हणजे त्या रविवारी मशीन थांबलं होतं. मला वाटत होतं ते चालूच होतं. पंधरा वर्षं मी ती आठवण मशीनच्या आवाजासकट जपली होती, आणि ऐन त्या वाक्याच्या वेळी आतली खोली गप्प होती आणि मला ऐकू आलं नव्हतं. मला लाज वाटली. साधी, गरम, कानापर्यंत चढणारी लाज. कितीतरी दिवसांत मला असं काही नीट वाटलं नव्हतं. मी तळवा काढला.

"हॅलो. लिहून घ्या. घरच्या धंद्यात मदत, बिनपगारी. आठवड्याचे नऊ तास."

"अकरा," ती मान वर न करता म्हणाली.

"अकरा तास."

"म्हणजे आधीचं उत्तर चुकलंय," शंकासुर म्हणाला. "चूक कुणाची टाकू? दोनच पर्याय आहेत. विचारणाऱ्याची किंवा सांगणाऱ्याची."

"सांगणाऱ्याची. सांगणारा मी."

"इथे तर मिसेस आहेत."

"तिनं माझंच सांगितलं. पंधरा वर्षांपूर्वी मी सांगितलं होतं ते."

"जुन्या चुकीला रकाना नाही," तो म्हणाला. " तुलाच माहीत." हे 'तू' त्याच्या तोंडून निसटलं असावं, कारण लगेच तो पुन्हा तक्त्यावर गेला. "सांगणाऱ्याची टाकतो. शेवटचा प्रश्न राहिला. आणखी काम मिळालं तर आपण कराल का? हा कुणी आपल्याला विचारलेला दिसत नाही."

उत्तर मला माहीत होतं, एका अक्षराचं होतं. मी तोंड उघडलं आणि परत मिटलं. बायकोनं टाचायचं थांबवलं, पण वर बघितलं नाही.

"घाई नाही," शंकासुर म्हणाला. हे वाक्य प्रश्नावलीत नाही.

मी कसाबसा हो म्हणालो. पलीकडे टकटक झाली आणि फोन बंद झाला. बायकोनं टाचलेला पडदा माझ्याकडे सरकवला आणि सांगितलं की याला बत्तीस कड्या लागतील.